खिशातील जुन्या घड्याळाची ओळख व मूल्यनिर्धारण : एक चिकित्सा

जुनी इमारत रिकामी करताना माळ्यावरच्या पेट्या उघडल्या जातात आणि त्यांतून आजोबांचे साखळीचे घड्याळ बाहेर येते. म्हाडाच्या इमारतींचा पुनर्विकास अनुभवणाऱ्या ठाण्यातील वर्तकनगरसारख्या वसाहतीत हा प्रसंग अपरिचित नाही. त्यानंतर सामान्यतः सराफ केसचे वजन करून भाव सांगतो, अथवा घरातील मंडळी परदेशी लिलावातील आकडा शोधून काढतात. या दोन्ही मूल्यनिर्धारणांचा पाया कच्चा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

पहिली गफलत तबकडीवरील नावाची. वेस्ट एंड वॉच कंपनीच्या तबकडीवर ‘बॉम्बे’, ‘कलकत्ता’ ही शहरांची नावे आढळतात. त्यावरून घड्याळ मुंबईत बनले असा समज होतो. वस्तुतः यंत्र स्वित्झर्लंडचे असे. तबकडी बहुधा विक्रेत्याची ओळख देते. निर्मात्याचा शोध मागचे झाकण उघडून यंत्रावरच घ्यावा लागतो. अमेरिकन वॉल्थम वा एल्जिन घड्याळाचे निर्मितीवर्ष यंत्रावरील क्रमांकावरून काढता येते. केसवरील क्रमांक त्या कामी येत नाही, कारण केस पुष्कळदा वेगळ्या कारखान्यात बनत असे.

धातूची परीक्षा त्यामानाने सोपी आहे. १८८० च्या कायद्यानंतर स्विस केसवर ठराविक छाप उमटू लागले : ०.८०० शुद्धतेच्या चांदीवर रानकोंबडा, ०.८७५ वर अस्वल, १८ कॅरट सोन्यावर स्त्रीमुख. याउलट अमेरिकन केसच्या आत ‘२० वर्षांची हमी’ असे कोरलेले दिसले, तर ती केस भरीव सोन्याची नसून वर सोन्याचा पत्रा चढविलेली असते. ‘हमी’ हा शब्द वाचून हरखून जाणाऱ्यांची येथे फसगत होते.

बाजारातील दुसरा प्रकार अधिक चिंताजनक आहे. जुन्या यंत्रावर नव्याने रंगविलेली तबकडी बसवून ते ‘मूळ’ म्हणून विकण्याची प्रथा इतकी रूढ झाली आहे, की परदेशी संग्राहकांत अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ हे उपहासाचे नाव पडले. तथापि घड्याळजीने बदललेली स्प्रिंग आणि फसवणुकीसाठी बदललेली तबकडी यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. पन्नास वर्षे चाललेले घड्याळ दुरुस्त झालेलेच असणार.

लिलावातील आकड्यांबाबत कायद्याचा विचार क्वचितच होतो. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकते आणि पुरावस्तूची निर्यात खासगी व्यक्तीस करता येत नाही. मग जिनिव्हातील भाव ठाण्यातील घड्याळाला लावण्यात अर्थ काय? शिवाय मागितलेली किंमत व प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत अंतर असतेच.

वजन व लिलाव या दोहोंतून निसटते ते घड्याळाचे स्थानिक मूल्य. १८५३ साली मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत आली. पुढे रेल्वेचा कारभार मद्रास वेळेवर चालू लागला आणि ती मुंबई वेळेच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहराने तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत टिकवून धरली. त्या काळात रेल्वे कर्मचाऱ्याच्या खिशात कोणती वेळ चालत होती, हे तबकडी सांगत नाही. केसवर कोरलेली रेल्वेची आद्याक्षरे, निवृत्तीच्या भेटीचा मजकूर, सोबतची पावती किंवा एखादे छायाचित्र त्याचा माग देऊ शकते. झळाळी आणण्यासाठी केस पॉलिशला दिली, की नेमका तोच मजकूर झिजतो आणि सराफाच्या तराजूवर त्याचे वजन कधीच आलेले नसते.

झाकणाच्या आतील बाजूस घड्याळजी टोकदार हत्याराने दुरुस्तीची खूण, कधी तारीखही, कोरून ठेवीत. ग्राहक तिला ओरखडा समजून भाव पाडून मागतात. वस्तुतः ते घड्याळ कोणत्या वर्षी कोणाच्या हातून गेले, याचा तोच एकमेव लेखी पुरावा असू शकतो.