रंग कोणी भरले?

गणित आणि सौंदर्य यांची सोयरीक जुळवू लागले की आपल्याकडे निम्मी मंडळी उठून फराळाकडे वळतात. तरीही एका चित्रमय पुस्तकाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. ब्रेमेन विद्यापीठातील हाइन्झ-ओटो पाइट्गेन आणि पीटर रिश्टर यांचे ‘द ब्यूटी ऑफ फ्रॅक्टल्स’ हे ते पुस्तक, १९८६ सालचे.

‘फ्रॅक्टल’ हा शब्द बेन्वा मांडेलब्रो यांनी १९७५ साली ‘मोडलेला’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून बनवला. किनाऱ्याची रेघ किंवा फुलकोबीचा गड्डा घ्या. त्याचा तुकडा जवळून पाहावा तो त्यातही पुन्हा तशीच मोडतोड. १९८० साली अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधनकेंद्रात त्यांनी संगणकाकडून जो आकार काढून घेतला, तो पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. या पुस्तकाचा नायक तोच.

त्याची कृती पुरणपोळीहून सोपी आहे. शून्यापासून निघावे. हाती असलेल्या संख्येचा वर्ग करून त्यात एक ठरलेली संख्या मिळवावी, आणि उत्तराला पुन्हा तेच करावे. ठरलेली संख्या १ असेल तर १, २, ५, २६ अशी उत्तरे भडकत जातात. उणे १ असेल तर उणे १, शून्य, उणे १, शून्य असा झोका जन्मभर चालू राहतो. कागदावरच्या प्रत्येक बिंदूला अशी एक संख्या (थोड्या निराळ्या जातीची, पण ते असो) देऊन ज्यांची उत्तरे आवाक्यात राहतात ते बिंदू काळे करावयाचे. या गणिताचा पाया फ्रान्समध्ये गास्तों झ्युलिया आणि पिएर फातू यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घातला. परंतु हाताने इतके गुणाकार कोण करणार?

तो काळा आकार पाहावा. हृदयासारखे धड, त्याला चिकटलेली वाटोळी चकती, आणि दोहोंमधल्या चिंचोळ्या खाचेत भिंग नेले की शेपट्या वळवून उभे असलेले समुद्रघोडे! आणखी खोल जावे तर भलत्याच ठिकाणी मूळ आकाराचे चिमुकले पिलू बसलेले सापडते. एका ओळीचा स्वभाव, आणि त्यातून उलगडणारे एवढे आयुष्य! आम्हा कादंबरीकारांना मत्सर वाटावा असेच हे आहे.

रंगांविषयी मात्र माझी तक्रार आहे. काळ्याबाहेरच्या बिंदूंची उत्तरे कितव्या पायरीला हाताबाहेर गेली, एवढीच मोजणी संगणक देतो. कोणत्या पायरीला निळा आणि कोणत्या पायरीला केशरी, हे माणूस ठरवतो. म्हणजे आकार सापडलेला, रंग लावलेला. आणि दोहोंचे श्रेय गणिताच्या एकाच खात्यावर जमा करणे मला पटत नाही. पुस्तकातील काही रंगीत पाने लग्नाच्या मांडवासारखी झगझगीत आहेत. तेथे डोळा दिपतो आणि आकार हरवतो. काळीपांढरी चित्रेच मला अधिक सच्ची वाटली.

मग यात कलावंत कोणीच नाही काय? आहे. या आकाराची कड कधी संपत नाही. तिच्यातला नेमका कोणता तुकडा चौकटीत धरावयाचा आणि कोठे थांबावयाचे, ही निवड माणसाची. हिमालयाचा फोटो काढणाऱ्याने हिमालय घडवलेला नसतो, तरी सगळे फोटो सारखे नसतात. ही नजर या दोघा लेखकांपाशी निश्चित आहे.

आज हा आकार मोबाईलवरही क्षणात उमटतो, आणि त्यात खोल खोल उतरत जाणारे व्हिडिओ निघाले आहेत, वर ढणढणते संगीत! त्यांत थांबणेच नसल्यामुळे पाहणेही होत नाही. मुले ते पाहत असलीच तर आवाज बंद करावा, चित्र मध्येच कोठेतरी थांबवावे, आणि रंग काढून टाकण्याची सोय असल्यास तेही करून पाहावे.