कळलेलं वचन

‘आनंदी गोपाळ’ सिनेमामुळे आनंदीबाई जोशी आपल्या पिढीला माहीत झाल्या. जन्म कल्याणचा, १८६५ सालचा. अमेरिकेला निघण्याआधी, १८८३ च्या फेब्रुवारीत, त्यांनी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात भाषण केलं आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन असं भर सभेत सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे मुलगी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई फिलाडेल्फियात हजर होत्या. दोघींच्या वाटा वेगळ्या, पण नातं टिकलं.

शाळेच्या पुस्तकात रमाबाई दोन ओळींत संपतात: शारदा सदन आणि मुक्ती मिशन. त्यांचं सगळ्यात मोठं लेखनकार्य त्या दोन ओळींत नसतं. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण छापून आलं. मी ख्रिस्ती नाही, कोड लिहून पोट भरतो. तरी मराठीचा वाचक म्हणून या भाषांतराबद्दल एक प्रश्न मला सोडत नाही. ख्रिस्ती माणूस म्हणतो की बायबल हे देवाचं वचन आहे आणि त्याला अधिकार आहे. मग तो अधिकार नेमका राहतो कुठे? मूळ भाषेत, धर्मगुरूच्या अर्थात, की वाचणाऱ्याच्या समजुतीत?

रमाबाईंचं उत्तर समजायला त्यांचं बालपण आठवावं लागतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणं वाचत असे आणि त्यावर गुजराण करत असे. संस्कृत पुराण कानावर पडलं की पुण्य लागतं ही ऐकणाऱ्यांची श्रद्धा. अर्थ कळलाच पाहिजे अशी अट नव्हती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ म्हटलं. म्हणजे न कळणाऱ्या शब्दाचा दरारा काय असतो, हे रमाबाईंनी व्यासपीठावर बसून पाहिलं होतं. शास्त्रं स्त्रीबद्दल काय म्हणतात तेही त्यांनी स्वतः वाचलं, आणि त्याचा हिशोब ‘माझी साक्ष’मध्ये मांडला.

म्हणूनच वाँटेजमध्ये खटका उडाला. सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांचा पत्रव्यवहार वाचताना एखादी जोरदार वादावादी ऐकल्यासारखं वाटतं. जेराल्डिन म्हणतात, चर्चचं ऐक. रमाबाई म्हणतात, मी पुरोहितांच्या जोखडातून नुकतीच सुटले आहे, आता दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. त्यांच्यासाठी बायबल आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी एवढं पुरेसं होतं. चर्चची अनेक शिकवण त्या तपासल्याशिवाय मानत नव्हत्या. वचनावर विश्वास आणि माणसांच्या अधिकारावर अविश्वास या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकाच वेळी नांदत होत्या. श्रद्धा म्हणजे प्रश्न बंद, अशी आपली समजूत असते. तिला हा पत्रव्यवहार सरळ धक्का देतो.

पुढचं पाऊल भाषांतराचं. मराठी बायबल आधीपासून होतं. आनंदीबाईंनी जिथे भाषण केलं त्याच सेरामपूरहून विल्यम कॅरीच्या मंडळींनी १८११ मध्ये मराठी नवा करार छापला होता. नंतरही सुधारित आवृत्त्या निघाल्या. पण रमाबाईंना ती भाषा संस्कृतप्रचुर वाटे. केडगावात त्यांच्याभोवती होत्या त्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली, विधवा, खेड्यातल्या बायका. त्यांना शब्दकोश लागणार असेल, तर ते वचन पुन्हा एकदा पंडितांच्या ताब्यात जाणार. आमच्या धंद्यात डॉक्युमेंटेशनवर भरवसा नसला की माणूस सरळ सोर्स कोड उघडतो. रमाबाईंनी तेच केलं, आणि मग तो कोड शेतावर राबणाऱ्या बाईला वाचता यावा असा लिहायला घेतला.

इथे मात्र माझी तक्रार आहे. मुळाशी एकनिष्ठ राहायचं, भाषा सोपी ठेवायची आणि जुन्या धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द टाळायचे, या तिन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत. मराठीतला कुठलाही जडशब्द असा धुऊन काढता येत नाही. ‘पाप’ म्हटलं की वारकऱ्याचं पापही सोबत येणारच. गोव्यात राशोलला १६१६ मध्ये छापलेलं फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ बघा. तो इंग्रज जेझुइट येशूची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगतो, तिला बेधडक ‘पुराण’ म्हणतो आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’. परका माणूस मराठीच्या आठवणींना घाबरला नाही. त्याच आठवणींत वाढलेल्या रमाबाई घाबरल्या. त्यांची भीती समजते, कारण पुराणांची किंमत त्यांनी मोजली होती. पण ओवी माणसाच्या तोंडात बसते आणि काळजीपूर्वक निवडलेलं गद्य पुस्तकात राहतं. चर्चमधून आज जी मराठी बायबलं सर्रास वाचली जातात, त्यांत रमाबाईंचं नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मधला माणूस नको म्हणणाऱ्या रमाबाई स्वतः मधल्या झाल्याच. कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला टाकायचा हे ठरवतो तो भाषांतरकार. तोही एक अधिकारच. शिवाय मुक्ती मिशनमध्ये ताटातली भाकरी आणि हातातलं वचन एकाच घरातून येत होतं. शारदा सदनातल्या धर्मांतरांवरून १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला आणि रानडे, भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले. तो राग फक्त सनातन्यांचा म्हणून उडवून लावता येत नाही. जिला जायला दुसरी जागा नाही, ती मुलगी त्या वचनाला नाही कसं म्हणणार? वाँटेजमध्ये रमाबाईंना नकाराची मोकळीक होती आणि ती त्यांनी वापरली. तशी केडगावातल्या किती जणींना होती, हे त्या बायबलच्या पानांवरून कळत नाही.

तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने ठामपणे उभी राहते. हे बायबल केडगावातच, मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून तयार झालं. खिळे जुळवताना अक्षर उलटं दिसतं. ते वाचायचं तर सावकाश, एकेक करून वाचावं लागतं. ज्या समाजात पवित्र शब्द बाईने उच्चारायचाही नव्हता, तिथे दुष्काळातून आलेल्या मुली देवाचं म्हटलेलं वचन अक्षराअक्षराने जुळवत होत्या. छापखान्यात चूक करता येते, ती शोधता येते आणि दुरुस्तही करता येते. रमाबाई ज्याला वचनाचा अधिकार म्हणत, तो अशा तपासणीला घाबरणारा नव्हता. आपण कुठल्याही धर्माचे असू, फोनवर रोज पुढे ढकलल्या जाणाऱ्या ‘पवित्र’ मजकुराला एवढी एक परीक्षा लावायला काय हरकत आहे?