कात्रीची कड

जुन्या वस्तु जमविण्याच्या नादाविषयीं कोणी आदरानें बोलतो, कोणी थट्टेनें. आम्ही थट्टा करणारांपैकीं नाहीं. लहानपणीं काड्यापेट्यांवरील छाप गोळा करून ते वहींत चिकटविण्याचा उद्योग आम्हीही मन लावून केला आहे. परंतु एखाद्या छंदानें शास्त्राचा आव आणला, प्रती ठरविल्या, आणि अमुक उत्तम व अमुक सदोष असा निवाडा देण्यास आरंभ केला, म्हणजे तो निवाडा तपासण्याचा अधिकार टीकेस पोहोंचतो. अमेरिकेंतील बेसबॉलच्या जुन्या 'पट्टी-चित्रां'च्या संग्राहकांविषयीं आज आम्ही लिहीत आहों, तें याच अधिकारानें.

बेसबॉल हा आपल्याकडील चेंडूफळीसारखा अमेरिकेचा लाडका खेळ. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांतील खेळाडूंचीं लहान लहान चित्रें सिगारेटच्या पाकिटांतून घरोघर गेलीं. १९०९ ते १९११ या काळांत निघालेला, 'टी-२०६' या नांवानें ओळखला जाणारा संच त्यांत सर्वांत प्रसिद्ध. त्यांतील होनस वॅग्नरचें एक चित्र २०२२ सालीं साडेबहात्तर लक्ष डॉलरांस विकलें गेलें. पट्टी-चित्रांच्या नशिबीं असला थाट नव्हता. साधारणतः १९१९ पासून पुढील आठ-दहा वर्षें तीं मिठाईच्या व किरकोळ मालाच्या दुकानांत चिल्लर नाण्यांस मिळत. पातळ पुठ्ठ्याच्या लांबट पट्टीवर ओळीनें छापलेलीं चित्रें, मध्यें रेघा, पाठ कोरी. मुलानें पट्टी घेऊन घरीं यावें व कात्रीनें चित्रें वेगळीं करावीं, किंवा दुकानदारानेंच तीं कापून द्यावीं, असा प्रघात होता.

चित्रें म्हणून पाहूं गेल्यास हीं बहुतेक वाईट आहेत, हें आरंभींच सांगून टाकणें बरें. 'डब्ल्यू-५१४' हा १९१९ ते १९२१ च्या सुमाराचा एकशेंवीस चित्रांचा संच घ्या. चेहरे ओबडधोबड, रंग भडक. खालचें नांव वाचल्याशिवाय खेळाडू कोण हें ओळखण्याची पंचाईत. टी-२०६ मधील शिळाछापाच्या सौम्य रंगांचा येथें मागमूस नाहीं. 'डब्ल्यू-५७३' या संचानें तर स्वतःचें असें कांहींच केलें नाहीं. अमेरिकन कॅरमेल कंपनीच्या १९२२ सालच्या संचांतील छायाचित्रें उचलून तींच काळ्यापांढऱ्यांत पुन्हां छापलीं. या चित्रांतील मोलाची वस्तु कोणती असेल तर ती, आमच्या मतें, त्यांची कड.

सिगारेटचें चित्र कारखान्यांतून कापूनच येई. त्याची कड बिघडली तर तो दोष, हें समजण्यासारखें आहे. पट्टी-चित्र मात्र कारखान्यांतून अपुरें बाहेर पडे. कात्री चालली म्हणजे तें पुरें होई. ही शेवटची क्रिया पुष्कळदां मुलाच्या हातची. म्हणून कोठें रेघ सुटलेली, कोठें टोपीचा शेंडा उडालेला, कोठें शेजारच्या चित्राची एक चिरी बाजूस राहून गेलेली. आजचे प्रतवारी करणारे व्यावसायिक हें सारें मोजतात, चित्र पारदर्शक प्लास्टिकच्या डबींत बंद करतात, आणि कात्री रेघेच्या आंत शिरली असेल तर अंक न देतां बहुधा 'अस्सल' एवढाच शेरा मारतात. चारी बाजूंस रेघ शाबूत असेल तर वरचा अंक, व त्या मानानें वरची किंमत. मुळींच न कापलेली अखंड पट्टी हातीं आली तर विचारूंच नका! ज्यास मुलाचा हात लागला नाहीं तें उत्तम, ज्यास लागला तें कनिष्ठ, असा हा न्याय आहे. आणि गंमत अशी कीं, काटकोनांत कापलेली सुबक कड पाहून ज्याला आपण जपणूक म्हणतों, ती मागाहून एखाद्या प्रौढानें फूटपट्टी धरून सुरीनें केलेलीही असूं शकते.

प्रतिपक्षाचें म्हणणें आम्हांस ठाऊक आहे. कोरी पाठ व हिणकस छपाई यांमुळें खोटीं चित्रें बनविणें सोपें. परीक्षक नसेल तर गिऱ्हाईक बुडेल. हें खरें आहे. अर्धा खेळाडू कापला गेला तर चित्राची हानि होते, हेंही आम्ही नाकारीत नाहीं. परंतु लबाडी ओळखणें हें एक काम, आणि सौंदर्याची पायरी ठरविणें हें दुसरें. पहिल्यांत वाकबगार असलेल्या माणसास दुसऱ्याचा मक्ता कोणी दिला?

त्याच डब्ल्यू-५१४ संचांत शिकागो संघाच्या जो जॅक्सनचें चित्र आहे. १९१९ ची जागतिक मालिका पैसे घेऊन हरल्याचा आरोप त्याच्यासह आठ खेळाडूंवर आला. १९२१ च्या ऑगस्टांत न्यायालयानें जॅक्सनला निर्दोष सोडलें, आणि दुसऱ्याच दिवशीं बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनीं आठांनाही कायमचें बाहेर काढलें. जॅक्सनवरील बंदी उठली ती २०२५ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं. गवगवा होण्यापूर्वीं ज्या मुलानें तें चित्र कापलें, त्याच्या लेखीं तो निव्वळ शूर गडी होता. वेडीवांकडी कड ही त्या भक्तीची उरलेली एकुलती एक खूण. ती दोषांच्या यादींत घालणारास त्या चित्रांत पाहण्याजोगें आणखी काय सांपडतें, हें आम्हांस कळत नाहीं.

या चित्रांना 'डब्ल्यू' हें अक्षर देणारे गृहस्थ जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यांतील सिरॅक्यूज येथें विजेचें सामान करणाऱ्या कारखान्यांत ते कामाला असत. संधिवातानें हात आखडलेले. १९३९ सालीं त्यांनीं या कागदांची पहिली सूची छापली. पुढें ती 'अमेरिकन कार्ड कॅटलॉग' या नांवानें वाढली. तंबाखूचीं, मिठाईचीं, पट्टीचीं ही त्यांची वर्गवारी चित्र कोठून आलें एवढेंच सांगते. तीन लाखांहून अधिक कागद त्यांनीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिले व वर्षानुवर्षें तेथें जाऊन स्वतःच्या हातांनीं आल्बमांत चिकटविले. १९६३ च्या जानेवारींत तें काम संपलें. मार्चांत ते वारले. चिकटविणें हा शब्द ऐकूनच आजच्या संग्राहकाच्या अंगावर कांटा येतो. आम्हांस मात्र आमची काड्यापेट्यांची वही आठवली.

बर्डिक यांचें नांव घेणाऱ्या व्यापाऱ्यांनीं आपल्या याद्यांत निदान एक रकाना वाढवावा, अशी आमची सूचना आहे: चित्र कात्रीनें कापलेलें दिसतें कीं सुरीनें. भाव त्यांनीं हवे ते लावावेत.