हिशेब लागत नाही, म्हणून?

‘पुरावा सापडला नाही’ आणि ‘वस्तू नाहीच’ या दोन विधानांतला फरक वर्गात समजावून देताना आपल्यापैकी अनेकांची तारांबळ उडते. हॅन्स ब्लिक्स यांचे ‘डिसआर्मिंग इराक’ (२००४) हे पुस्तक आम्हांला महत्त्वाचे वाटते ते यासाठी. या फरकावर तिथे एका देशाचे भवितव्य अवलंबून होते.

ब्लिक्स १९८१ ते १९९७ या काळात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे महासंचालक होते. त्या वेळी संस्थेचे निरीक्षक देशाने जाहीर केलेल्या ठिकाणी जाऊन, जाहीर केलेले युरेनियम मोजून परत येत. इराकच्या तुवैथा केंद्रातला हिशेब जुळत असे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर कळले, की जाहीर न केलेला उद्योग वेगळाच चालू होता. तार्मिया येथे ‘कॅल्युट्रॉन’ बसवले जात होते. युरेनियमच्या विद्युतभारित अणूंचा झोत चुंबकीय क्षेत्रातून सोडला, की हलका युरेनियम-२३५ जास्त वळतो, जड युरेनियम-२३८ कमी वळतो. दोन्ही वेगवेगळ्या जागी गोळा करता येतात. अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र! हिरोशिमावरील बॉम्बसाठी अमेरिकेने हीच पद्धत वापरली होती, पण इतके वीजखाऊ, जुनाट तंत्र कोणी पुन्हा काढील हे फारसे कोणाच्या मनातच आले नाही.

या तपासाचे तंत्र पुस्तकात थोडक्यात उरकले आहे; शिक्षकाला तिथे अधिक हवे असते. युरेनियम हाताळले, की त्याचे सूक्ष्म कण भिंतींवर, यंत्रांवर, कपड्यांवर बसतात आणि झाडूनपुसून पुरते जात नाहीत. १९९० मध्ये तुवैथा येथे ओलीस ठेवलेल्या अमेरिकनांच्या कपड्यांवर समृद्ध युरेनियमचे कण मिळाले होते. पुढे सुती कापडाने पृष्ठभाग पुसून, त्यावरचा एकेक कण वस्तुमान-वर्णपटमापकाने तपासण्याची पद्धत रूढ झाली. नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ चे प्रमाण ०.७ टक्के असते. कणात ते बरेच जास्त दिसले, तर खुलासा मागता येतो.

पुस्तकाचा गाभा २००२-०३ चा आहे. अणूची बाजू तेव्हा मोहम्मद अल बारादेई यांच्याकडे होती. ब्लिक्स यांच्या पथकाकडे रासायनिक व जैविक शस्त्रे आणि क्षेपणास्त्रे. इराकने १९९१ मध्ये बरीच शस्त्रे साक्षीदारांविना, धड नोंदी न ठेवता नष्ट केली होती. त्यामुळे कागदावरचा आकडा आणि हाती आलेला आकडा जुळेना. हिशेब लागत नाही म्हणजे साठा आहे, असे ब्लिक्स यांनी कधीच मानले नाही. इराक काहीतरी लपवतो आहे असे आपल्यालाही आतून वाटत होते, हे ते मोकळेपणाने सांगतात. पण ते वाटणे त्यांनी अहवालात येऊ दिले नाही. आमच्या मते पुस्तकातला हा सर्वांत मोलाचा भाग. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले. अणुकार्यक्रम १९९१ मध्येच थांबला होता, असे अमेरिकेच्याच शोधपथकाने २००४ मध्ये नोंदवले.

आमची तक्रार निर्बंधांबाबत आहे. ऑगस्ट १९९० मध्ये लागलेले व्यापारनिर्बंध मे २००३ पर्यंत टिकले. सुरक्षा परिषदेच्या ६८७ क्रमांकाच्या ठरावाने तेलविक्रीवरील बंदी उठणे निःशस्त्रीकरणाशी बांधले होते. म्हणजे वहीतला आकडा जुळत नव्हता, त्याचा दंड सामान्य इराकी भरत होता. तपासणीच्या इतक्या बारकाईने लिहिलेल्या पुस्तकात याला मिळालेली जागा अपुरी वाटते.

मात्र इथेही मोजमापाची शिस्त सोडून चालणार नाही. १९९९ च्या युनिसेफच्या पाहणीवरून पाच लाख बालमृत्यूंचा आकडा जगभर फिरला. २००३ नंतरच्या पाहण्यांत तेवढी वाढ दिसली नाही, आणि मूळ आकडेवारीत इराकी सरकारने फेरफार केला होता असे २०१७ मध्ये संशोधकांनी मांडले. आकडा टिकला नाही म्हणून हाल झाले नाहीत, असे मात्र म्हणता येत नाही. दुहेरी वापराच्या शंकेवरून कितीतरी नागरी सामान समितीत अडकून पडे. संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्याचे बगदादमधील प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये या निर्बंधांच्या निषेधार्थ राजीनामे दिले.