चांद्याची गोंड वंशावळ : एक पुनर्विचार

चांद्याच्या गोंड राजांची वंशावळ मेजर लूसी स्मिथ यांनी १८६९ च्या जमाबंदी अहवालात दिली आहे. तीत भीम बल्लाळसिंगापासून नीळकंठशहापर्यंत १९ राजे असून काळ सुमारे इ. स. ८७० ते १७५१ असा आहे. म्हणजे प्रत्येक कारकीर्द सरासरी ४६ वर्षांची! हे संभवनीय वाटत नाही.

‘आईन-इ-अकबरी’त उल्लेखिलेला बाबाजी हा या यादीतील चौदावा राजा. त्या ग्रंथाच्या काळापासून (सु. १५९५) भोसल्यांनी चांदा घेईपर्यंतच्या १५६ वर्षांत बाबाजीसह सहाच राजे होतात, सरासरी २६ वर्षे. हेच मान आधीच्या तेरा राजांस लावल्यास मूळपुरुष तेराव्या शतकाच्या मध्यास येतो. मधली नावे गळली असावीत असे म्हणावे, तर वंशावळच अपुरी ठरते.

याचा अर्थ परंपरा त्याज्य आहे असा नव्हे. सिरपुराहून वर्धेपलीकडे बल्लारपूर व तेथून चांदा, हा राजघराण्याच्या स्थलांतराचा मार्ग तिनेच जतन केला. पूर्वज कोठून आले हे तिला विचारावे. केव्हा आले हे मात्र समकालीन लेखांवरूनच ठरवावे. या वनप्रदेशातील कोणत्याही कुळाचा शोध घेताना ज्ञात काळाकडून अज्ञाताकडे जाणे, हाच सुरक्षित मार्ग होय.