दोरी कोणाच्या हाती?

दिवाळी अंकात कारखान्याच्या व्यवस्थापनावरील पुस्तकांविषयी लिहावयाचे म्हणजे फराळाच्या ताटात नटबोल्ट वाढण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. त्या वाचकाने रागावण्यापूर्वी क्षणभर स्वयंपाकघरात डोकवावे. एका घरी शंभर करंज्या आधी लाटून, भरून, कातून ठेवतात आणि मग कढई चढवतात. पहिलीच करंजी तेलात उकलते, सारण बाहेर येते, आणि तेव्हा कळते की कडा नीट चिकटलेल्या नाहीत. आता उरलेल्या नव्व्याण्णव करंज्यांचे काय करावयाचे? दुसऱ्या घरी लाटणारे आणि तळणारे बरोबरच बसतात; पाच-सहा झाल्या की तळावयास जातात. तेथेही पहिली करंजी फुटते, पण तळणारी व्यक्ती लगेच म्हणते, "थांबा, कडेला दुधाचे बोट लावा." पुढचा घाणा साधतो.

जपानातील टोयोटा कंपनीने मोटारी बांधताना जी पद्धत घडविली, तिचे सार ह्या 'थांबा' शब्दात आहे. लागेल तेवढेच, लागेल तेव्हाच करावयाचे. चूक दिसताच हात थांबवावयाचा. आणि तिचे मूळ शोधून उद्याचे काम आजच्याहून थोडे बरे करावयाचे. १९८८ साली जॉन क्राफचिक ह्या अमेरिकन अभ्यासकाने एका लेखात ह्या पद्धतीला 'लीन' असे नाव दिले. इंग्रजीत त्याचा अर्थ अंगावर चरबी नसलेला, सडसडीत. मराठीत मात्र लीन म्हणजे नम्र. हा केवळ योगायोग. पण ह्या विषयावरील पुस्तके वाचताना तो मला सारखा आठवत राहिला. ह्यातील चांगली पुस्तके वरिष्ठांना आपल्या अर्थाने लीन व्हावयास सांगतात. सामान्य पुस्तके हाताखालच्या माणसांना इंग्रजी अर्थाने सडसडीत करू पाहतात. पुस्तक पारखण्याची माझी कसोटी एवढीच आहे.

ह्या कसोटीला उतरणारे पहिले पुस्तक ताइइची ओनो यांचे 'टोयोटा प्रॉडक्शन सिस्टिम'. ते जपानीत १९७८ साली निघाले आणि इंग्रजीत १९८८ साली आले. ओनो १९३२ साली टोयोडा घराण्याच्या कापड-उद्योगात नोकरीस लागले आणि १९४३ साली मोटारींकडे आले. पुस्तक लहानसे आहे आणि अनुभवी माणसाने ओसरीवर बसून बोलावे तसे लिहिले आहे. यंत्र बंद पडले तर 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारा, हा त्यांचा उपदेश आता सर्वत्र पसरला आहे. फ्यूज का उडाला, इथपासून निघालेले प्रश्न शेवटी तेलाच्या पंपावर साधी गाळणी नव्हती, इथपर्यंत पोचतात. आपण पहिल्याच उत्तरावर थांबून फ्यूज बदलतो आणि कोणाला तरी बोल लावतो.

मला त्या पुस्तकात सर्वांत मोलाचे वाटले ते एक अक्षर. साकिची टोयोडा यांनी असा माग बनविला होता की, धागा तुटला की तो आपोआप थांबे. सदोष कापड विणले जात नसे आणि एक कामगार अनेक माग सांभाळू शके. ह्या गुणाला ओनो 'जिदोका' म्हणतात. यांत्रिकीकरण ह्या अर्थाचा नेहमीचा जपानी शब्दही उच्चाराने तोच. परंतु टोयोटात तो लिहिताना हालचालीच्या अक्षराला 'माणूस' हे चिन्ह जोडतात. ह्या विचारातूनच मोटारींच्या रांगेवर दोरी आली. दोष दिसला तर साध्या कामगारानेही ती ओढावी, मुकादमाने धावत यावे, आणि अडचण सुटली नाही तर सारी रांग थांबावी. काम चालू ठेवण्याचा हुकूम कोणीही देऊ शकतो. थांबविण्याचा अधिकार ज्याला दिला, त्याच्यावर खरा विश्वास टाकला.

ह्या पद्धतीची कीर्ती जगभर नेली ती वोमॅक, जोन्स आणि रूस यांच्या 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड' ह्या १९९० सालच्या ग्रंथाने. त्यात १९८६ सालची एक तुलना आहे. जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम येथील कारखान्यात एक मोटार जुळविण्यास सुमारे ३१ तास लागत, तर टोयोटाच्या ताकाओका येथे १६. एकीकडे सुट्या भागांचा साठा सरासरी २ आठवड्यांचा, दुसरीकडे २ तासांचा. फ्रेमिंगहॅमचा कारखाना १९८९ साली बंद झाला. आकडे डोळे उघडणारे आहेत, ग्रंथ अभ्यासू आहे. पण त्याचा सूर विजयी सेनेच्या बखरीसारखा आहे. जिंकलेल्या बाजूच्या शिपायाचे पाय दुखतात की नाही, हे बखरकार सहसा विचारीत नाही.

कादंबरीच्या रूपाने हा विषय हवा असेल तर एलियाहू गोल्डरॅट यांनी जेफ कॉक्स यांच्यासह लिहिलेली 'द गोल' (१९८४) आहे. तिचा सिद्धान्त 'लीन'चा सख्खा नव्हे, चुलत भाऊ. कारखाना तीन महिन्यांत सुधारा, नाहीतर तो बंद होईल, ह्या धमकीखाली सापडलेला व्यवस्थापक अ‍ॅलेक्स हा तिचा नायक. कादंबरी म्हणून ती कच्ची आहे. त्याला मार्ग दाखविणारा गुरू कधी चुकत नाही, आणि पत्नीला रुसून जाण्यापलीकडे फारसे काम नाही. तरी मुलांच्या पदभ्रमणाचा प्रसंग अस्सल उतरला आहे. हर्बी नावाचा जाडा मुलगा मागे पडतो आणि सगळी रांग विस्कटते. अखेर त्यालाच पुढे चालवितात आणि त्याच्या पाठीवरील ओझे सर्वांत वाटतात. मी शाळामास्तर आहे. मागे पडणाऱ्या मुलावर ओरडण्यापूर्वी त्याच्या दप्तरात काय आहे ते पाहावे, हे ह्या दहा-वीस पानांनी मला पुन्हा शिकविले.

आता, ज्या पुस्तकासाठी हा लेख लिहिला, त्याकडे वळतो. सातोशी कामाता हे पत्रकार १९७२ साली टोयोटाच्या कारखान्यात सहा महिन्यांसाठी हंगामी कामगार म्हणून राहिले आणि त्यांनी रोजनिशी लिहिली. ती १९७३ साली, म्हणजे ओनोंच्या पुस्तकाच्या पाच वर्षे आधी, प्रसिद्ध झाली. तिच्या जपानी नावात 'निराशेचा कारखाना' असे शब्द आहेत. इंग्रजी अनुवाद 'जपान इन द पासिंग लेन' १९८२ साली निघाला. त्यात सिद्धान्त नाही. हात पोचण्यापूर्वी पुढे सरकणारी रांग आहे, पाळी संपल्यावरचा थकवा आहे, आणि वसतिगृहातील खोल्या आहेत. ओनोंच्या पुस्तकात कामगाराचा रिकामा क्षण हा अपव्यय आहे; कामातांच्या रोजनिशीत तोच क्षण श्वास घेण्याची जागा आहे.

ह्यांतील खरे कोण? माझ्या मते दोघेही. कामाता यांनी सहा महिनेच पाहिले, तेही तळातून. धाग्यापाशी थांबणाऱ्या मागामागचा विचार त्यांच्या वाट्याला आला नाही. पण दोरी हाती असली तरी रांगेचा वेग कोण ठरवितो, हा त्यांचा प्रश्न ओनोंच्या पुस्तकाने सुटत नाही. व्यवस्थापकांसाठी निघणाऱ्या याद्यांत ही रोजनिशी मला आढळली नाही, आणि ती नसलेली यादी मी अपुरी समजतो.

मासाआकी इमाई यांच्या 'कायझेन' (१९८६) विषयीही लिहिले पाहिजे. कायझेन म्हणजे चांगल्यासाठी बदल, आणि तोही रोजचा, लहान, सर्वांनी मिळून केलेला. पुस्तकात पुनरुक्ती पुष्कळ आहे. मात्र सुधारणा ही घरातही होऊ शकते, हे त्याचे म्हणणे कुटुंबातील वाचकांना जवळचे वाटेल. त्याच्या जोडीला एडवर्ड्स डेमिंग यांचे 'आउट ऑफ द क्रायसिस' ठेवावे. १९५० साली जपानात जाऊन गुणवत्तेवर व्याख्याने देणारे हे अमेरिकन गृहस्थ आपल्या चौदा सूत्रांत भय घालवून देण्यास सांगतात. छडीच्या धाकाने वर्गातील चुका कमी होत नाहीत, त्या वहीच्या पानाखाली जातात. कारखान्यातही तसेच होत असणार.

तेव्हा वाचण्याचा क्रम असा सुचवितो. आधी 'द गोल', कारण ती एका बैठकीत ओढून नेते. मग ओनो, सावकाश. आणि ओनो मिटताच, त्यांची मोहिनी उतरण्यापूर्वी, कामाता. घरातील कोणी कारखान्यात वा कार्यालयात दहा माणसांवर अधिकारी झाला असेल, तर त्याला ही शेवटची दोन पुस्तके एकत्र बांधून भेट द्यावीत. एकटे कोणतेही देऊ नये. आणि यंदा करंज्या करताना पहिली फुटली तर तळणाऱ्या व्यक्तीला 'थांबा' म्हणू द्यावे. लाटणाऱ्यांनी रागावू नये.