रामगढच्या मशिदीतील सफ

वेस्टर्न चित्रपट म्हटले की बहुतेकांना घोडा, पिस्तूल आणि रुंद काठाची टोपी आठवते. आमच्या मते या चित्रपटांचा खरा नायक गाव असतो. रेल्वेच्या फाट्यावर किंवा खाणीच्या आसऱ्याने उगवलेले, एका रस्त्याचे, कायदा अजून पुरता न पोहोचलेले गाव. संकट आले की अशा गावाला एक गोष्ट ठरवावी लागते : आपला कोण आणि परका कोण? बंदुका त्यानंतर चालतात.

फ्रेड झिनेमन यांचा ‘हाय नून’ (१९५२) पाहा. सूड घ्यायला येणाऱ्या गुंडांशी लढण्यासाठी मार्शल केन चर्चमध्ये जमलेल्या गावाकडे मदत मागतो. तेथे चर्चा होते, त्याची स्तुतीही होते. मात्र गावात गोळीबार झाला तर बाहेरून येऊ घातलेले भांडवल परत जाईल, असा हिशेब पुढे येतो आणि केन एकटा पडतो. पटकथाकार कार्ल फोरमन यांना त्याच सुमारास अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले होते. शेजारी ऐन वेळी पाठ कशी फिरवतात, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

जॉन स्टर्जेस यांचा ‘बॅड डे ॲट ब्लॅक रॉक’ (१९५५) याहून खोल जातो. काळ १९४५चा. चार वर्षांत जेथे गाडी थांबली नाही, अशा स्टेशनावर एका हाताने अधू असलेला माणूस उतरतो आणि कोमोको नावाच्या जपानी शेतकऱ्याची चौकशी करतो. गाव गप्प! कोमोकोने ओसाड जमिनीत विहीर खणून पाणी काढले होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर गावातल्यांनी त्याला ठार केले आणि सगळ्यांनी ती गोष्ट पोटात ठेवली. त्याचा मुलगा मात्र अमेरिकी सैन्यात लढताना इटलीत मरण पावला होता आणि पाहुणा त्याचे पदक बापाला द्यायला आला होता. विशेष म्हणजे कोमोको पडद्यावर एकदाही दिसत नाही. ज्याच्यावर सारी कथा उभी आहे, त्याला चेहराच नाही.

ही दोन गावे डोळ्यांपुढे ठेवून आपल्या रामगढकडे वळावे, असे आम्ही सुचवतो. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ने वेस्टर्नपटांकडून पुष्कळ घेतले. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग सर्जिओ लिओने यांच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची (१९६८) सरळ आठवण देतो. रामगढचे गाव कर्नाटकातील रामनगरच्या खडकांत कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी उभारले आणि रेल्वेवरील लढाई आपल्या पनवेलजवळ चित्रित झाली. पण सलीम-जावेद यांनी या उसन्या गावात एक मशीद आणि एक अंध इमाम ठेवला. हे कोणत्याही वेस्टर्नमधून आलेले नाही.

इमामसाहेबांचा मुलगा अहमद (सचिन पिळगावकर) आंधळ्या बापाला सोडून जायला तयार नसतो. बाप त्याला जबलपूरच्या विडी कारखान्यात नोकरीसाठी पाठवतो. पुढे घोड्यावरून त्याचे प्रेत गावात येते. गाव बिथरते, जय-वीरूला गब्बरच्या हवाली करावे, असे सूर निघतात. हाच तो ‘हाय नून’मधील चर्चचा प्रसंग. फरक असा, की येथे गावाला लाज वाटायला लावणारा माणूस इमाम आहे. गावासाठी शहीद करायला अल्लाहने आणखी मुले का दिली नाहीत, असे तो विचारतो, आणि अजान होताच मशिदीकडे निघतो. हिंदी चित्रपटात गावाच्या इभ्रतीचा निर्णय मुसलमानाच्या तोंडी देणारा इतका ठाम प्रसंग विरळाच. ए. के. हंगल यांनी तो कमालीच्या संयमाने केला आहे. हॅडलीव्हिल आणि ब्लॅक रॉक या दोन्ही गावांपेक्षा रामगढ येथे मोठे ठरते, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही एक प्रश्न उरतो. इमामसाहेबांच्या मागे सफ कोणाची? मशीद आहे, अजान आहे, पण नावाने ओळखता येईल असे दुसरे मुसलमान घर रामगढमध्ये नाही. महाराष्ट्रातील गावगाड्यात मुलाणी, तांबोळी, मणियार, पिंजारी, अत्तार हे आपापल्या कामामुळे गावचे असतात. बाजारात त्यांच्याशी भाव करता येतो, भांडताही येते. रामगढच्या इमामाशी कोणी भांडत नाही. त्याला आदर मिळतो, शेजार मिळत नाही. आणि ज्या दिवशी त्याचा शब्द गाव ऐकते, त्या दिवशी त्याच्यापुढे मुलाचा जनाजा असतो. कोमोकोला मुलाच्या पदकाने नागरिक ठरवले, इमामाला मुलाच्या प्रेताने. दोन्हीकडे तरुण मुलगा हीच किंमत!

मोहने गावात राहणाऱ्यांना हे समजायला अवघड नाही. उल्हास नदीकाठचे, आंबिवली स्टेशनजवळचे हे गाव रेयॉन बनवणाऱ्या एनआरसी कंपनीच्या आधाराने वाढले. कंपनीच्या हजेरीपटावर नाव लागले की माणूस येथला झाला. त्याचा मुलूख, जात, धर्म नंतर विचारला जाई. २००९ साली कंपनी बंद पडली आणि तो पट मिटला. असा पट मिटल्यावर गाव माणसे कशावर मोजते? वेस्टर्नमधील खाण आटलेल्या गावांपुढेही हाच प्रश्न असतो.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातील बहुतेक मुलांचा प्रवास अहमदसारखाच असणार : शिकायचे, गाडीत बसायचे, दूरच्या कारखान्यात किंवा दुकानात कामाला लागायचे. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या प्रतीत अहमदचा खून दिसत नाही. तो निघतो आणि प्रेत परत येते. त्याचे जबलपूर कोणी पाहिलेच नाही. ‘शोले’च्या लेखकांनी इमामाला वाणी दिली, हे त्यांचे ऋण आहेच. पुढच्या पटकथाकारांकडून आमची मागणी साधी आहे. अहमदला जबलपूरला पोहोचू द्यावे. तो ईदला सुट्टी घेऊन रामगढला परत यावा, बापाच्या मागे सफेत उभा राहावा, आणि नंतर नाक्यावर गावच्या कारभारावर चार कडक शब्द बोलावेत. ते गावाने ऐकून घेतले, तर ते गाव खरोखर वसले असे म्हणता येईल.